बंबामागच्या काड्या

माणसाची वाढ लहानपणीच उरकते, असे सगळे धरून चालतात. माझी बरीचशी वाढ तिशी ओलांडल्यावर झाली, आणि तीही बहिणीच्या सासरच्या न्हाणीत. म्हणूनच शाळा-कॉलेजची वर्षे थोडक्यात आटोपून मी शिरूरच्या त्या एका हिवाळ्यापाशी थांबले आहे. त्याआधीच्या काळाविषयी सांगण्यासारखे इतकेच, की वनस्पतिशास्त्रातली मोठी पदवी माझ्याकडे होती, पाने-फुले कागदावर चिकटवून त्यांची नावे मी सुवाच्य अक्षरात लिहिली होती, आणि तरीही स्वतःच्या हाताने एकही फांदी मातीत खोचली नव्हती. प्राध्यापकाच्या जागेसाठी मुलाखतीला गेले की समोरची मंडळी प्रश्न विचारत, उत्तर मला येत असे, आणि ते घशापाशी येऊन तिथेच बसून राही. असे बऱ्याचदा झाल्यावर दौंडच्या घरात माझ्याविषयी काळजीने कुजबुज होऊ लागली. मग माझी थोरली बहीण आली आणि चार कपडे पिशवीत कोंबून मला शिरूरला घेऊन गेली. "बोलू नकोस कुणाशी," ती बसमध्ये म्हणाली, "पण निदान आमच्यात बसून गप्प राहा."

ताईचे घर गावाच्या कडेला, घोड नदीकडे उतरणाऱ्या वाटेवर होते. पुढे अंगण, मागे परस, परसात हातपंप आणि न्हाणीचे पाणी जिथे बाहेर पडे तिथे अळूचा दाट ताटवा. दाजी रांजणगावच्या बाजूला नव्याने उभ्या राहिलेल्या कारखान्यांपैकी एकात होते. फर्स्ट शिफ्ट असली की उजाडायच्या आधी कंपनीच्या बसचा हॉर्न वाजे आणि एका हातात डबा, दुसऱ्या हातात बूट घेऊन ते अनवाणी धावत सुटत. ताई सरकारी कचेरीत कारकून होती. बाजरीच्या भाकऱ्या, मटकीची उसळ, शेंगदाण्याची चटणी असे सगळे उरकून, भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीकडे एकदा पाहून तीही बाहेर पडे. मग दिवसभर घरात दोघेच उरत, मी आणि ताईचे सासरे, आबा. तेही बोलणारे नव्हते. दौंडच्या शेडमध्ये वाफेच्या इंजिनांवर फायरमन म्हणून त्यांची हयात गेली होती. वाफेची इंजिने गेली तसे तेही निवृत्त झाले. इंजिनाच्या धडधडीत ओरडून ओरडून वाट्याचे सगळे शब्द वापरून झाले असावेत, असे मला त्यांच्याकडे पाहून वाटे. दुपारी ते ओसरीवर बसत, मी परसात. मधे कधीतरी चहा होई आणि कपबशीच्या आवाजाखेरीज आमच्यात काही घडत नसे. ती शांतता मला फार मानवली. तिच्यातच पुढचे सगळे दडलेले होते, हे तेव्हा कळणे शक्य नव्हते.

आबांच्या वाट्याला घरातले एकच काम उरले होते, बंब पेटवण्याचे. न्हाणीच्या कोपऱ्यात तांब्याचा जुना बंब होता. त्याचे धुराडे खिडकीतून बाहेर काढलेले. पहाटे आबा उठत, कानाला मफलर गुंडाळत, बंबाच्या पोटात तुराट्या आणि मक्याची दाणे काढलेली बुरकुंडे एका विशिष्ट क्रमाने रचत, आणि लोखंडी सळईने खालची राख हलवून वारा देत. पाण्याला आधण आले की बंबातून येणारा बारीक सुंईं आवाज ते डोळे मिटून ऐकत. "स्टीम धरली," असे स्वतःशीच म्हणत आणि मग हाक देत, "चला, पाणी झालं." कोणी जास्त लाकूड सारले की त्यांना राग येई. "एंजिन हाय का चूल हाय? कोंबायचं न्हाई. खायला घालायचं," ते म्हणत. दाजी चेष्टा करत, "आबा, सिग्नल मिळाला का? न्हाईतर माझी बस सुटंल." आबा उत्तर देत नसत, पण त्या दिवशी दाजींच्या बादलीतले पाणी जरा जास्तच कढत असे.

हिवाळ्याआधीच्या पावसाळ्यात, शिरूरला आल्यावर, मी फांद्या लावायला शिकू लागले होते. पुस्तकातून शिकत होते, कारण कुणाला विचारायचे म्हणजे बोलावे लागे. पेराच्या खाली तिरका छेद, वरची दोन पाने अर्धी कापलेली, घोडच्या पात्रातली धुतलेली वाळू, वरून प्लॅस्टिकचा कागद. जास्वंद लागली, एक्झोरा रुसला, अनंताने बऱ्याच दिवसांनी होकार दिला. फांदीला मूळ फुटले की ती किंचित ओढून पाहावी लागते. ओढीला मातीकडून जो बारीकसा विरोध होतो, तो बोटांना जाणवला की मला दिवसभर हलके वाटे. कुणीतरी आतून धरून ठेवले आहे, एवढेच ते सांगणे असते.

दिवाळी उलटल्यावर ताई मला गावातल्या हमीदाखालांकडे घेऊन गेली. खाला ताईच्या कचेरीजवळ राहत. त्यांच्या दारातला मुसांडा सबंध आळीत माहीत होता. त्यांचे यजमान ट्रक चालवत. त्यांनी हे झाड कधीकाळी बंगळूरहून आणलेले. आपल्याकडे पांढरा मुसांडा बऱ्याच कुंपणांपाशी दिसतो, पण हा पिकल्या जर्दाळूच्या रंगाचा होता, आणि मोठी मखमली पाकळ्यांसारखी दले अशी लोंबत की वाटे, झाडाने ओले रुमाल वाळत घातले आहेत. यजमान गेले, ट्रक गेला, आता घरही जाणार होते. मुलांनी जागेची वाटणी केली होती, तिथे गाळे निघणार होते, आणि खाला दौंडला लेकीकडे राहायला जाणार होत्या. झाड मुळासकट हलवून पाहण्याइतके कोवळे राहिले नव्हते. खोड भिंतीच्या पायात शिरलेले होते.

"ही माझी बहीण," ताईने ओळख करून दिली. "बोलत न्हाई, पण हाताला यश हाय तिच्या."

खालांनी मला आपादमस्तक पाहिले. "बरं हाय की. बोलणाऱ्यांनीच ह्या घराचं वाटोळं केलंय." मग त्या दारात खाटेवर बसल्या आणि झाडाकडे पाठ केली. "घे. मी बघत न्हाई. गपचूप घे."

मला काही कळेना. ताई हसू दाबत म्हणाली, "अगं, फांदी मागून नेली की जगत न्हाई. चोरून नेली तरच लागती. म्हणून त्या पाठ करून बसल्यात."

मी असला समज ऐकून होते. पण कुणाच्या पाठीमागे त्याच्या झाडाला कात्री लावायची, ही कल्पनाच मला सोसेना. माझ्यासारख्या भिडस्त माणसाला चोरीचे नाटकही जमत नाही. मी पुढे गेले, हात जोडले आणि त्या दिवसातले माझे एकमेव वाक्य उच्चारले, "खाला, मला तुमच्या परवानगीनं घ्यायच्यात."

खाला वळल्या. "घे बाई. पण तू मागितल्या, आता त्यांच्या जिवाची जिम्मेदारी तुझी." त्यांच्या स्वरात कुरबूर नव्हती. मी फांद्या कापत असताना त्या एका पानाच्या पाठीवरून अंगठा फिरवत होत्या. "बघ, लव कशी तांबडी हाय शिरंवर. मांजराच्या कानावानी. आमच्या ह्यांना लई कवतिक." मीही अंगठा फिरवून पाहिला. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण ही खूण मला तेव्हाच सांगितली गेली होती.

वेळ चुकीची होती, हे मला ठाऊक होते. मुसांडा उबेत वाढणारे झाड. थंडी लागली की तो सगळा कारभार आवरून बसतो. त्याच्या फांद्या लावायच्या त्या पावसाळ्यात. पण घर पाडणारे थांबणार नव्हते. शिरूरची थंडी बाहेरगावच्या माणसाला खोटी वाटते. नदीकडून पहाटे जो गारवा चढतो त्यात कोवळी रोपे काळी पडतात. मुळे धरायची तर फांद्यांना खालून ऊब हवी होती, आणि घरात अशी ऊब एकाच ठिकाणी होती. आबांच्या बंबामागची भिंत सकाळी पेटवल्यावर दुपारपर्यंत कोमट राही. मी ताईला सांगितले, ताईने आबांना विचारले. आबांनी उठून बंबामागची जळणाची रास स्वतः हलवली, विटांवर फळी टाकली आणि वाळूच्या पिशव्या तिथे मांडायला मला जागा करून दिली. वर वेताच्या कमानी, कमानींवर प्लॅस्टिक. न्हाणी आता निम्मीच उरली.

"आता आंघोळ करायची म्हंजी ह्या काड्यांची परवानगी काढायची का?" दाजी टॉवेल गुंडाळून दारात उभे राहिले. "मेव्हणीबाई, मला लाज वाटतीय. एवढ्या जणींसमोर कशी आंघोळ करू?"

"डोळं मिटून कर," ताई आतून म्हणाली. "त्या बघत न्हाईत. दमल्यात."

आबा हसले नाहीत. ते फळीजवळ उकिडवे बसून भिंतीवर तळहात ठेवत होते, ऊब वर किती चढते ते पाहत. त्या दिवसापासून बंब पेटवणे हे पाणी तापवण्यापुरते राहिले नाही. सगळ्यांच्या आंघोळी आटोपल्यावरही ते पुन्हा थोडी बुरकुंडे सारत, आणि संध्याकाळी थंडी पडू लागली की विझत आलेल्या निखाऱ्यांवर राख ओढून ऊब रात्रीपर्यंत पुरवत. मी पाने पाहायला गेले की ते बाजूला सरून विचारत, "प्रेशर ठीक हाय?" मी मान हलवी. माझ्या मान हलवण्यावर त्यांचा सगळा दिवस अवलंबून होता, हे मला फार उशिरा समजले.

पौषात थंडीची मोठी लाट आली आणि त्याच सुमारास आबांना ताप भरला. ते पांघरुणात पडून राहिले. दाजी फर्स्ट शिफ्टला, ताईला उशीर होत होता. आम्ही गॅसवर पाणी तापवून आंघोळी उरकल्या. काही सकाळी बंब पेटलाच नाही. खरे तर पुढे जे झाले त्याच्याशी बंबाचा फारसा संबंध नव्हता. मुसांड्याची पाने थंडीत गळतातच, घरातल्या धुराने तर लवकरच गळतात. काड्या उघड्या पडतात, साल सुरकुतल्यासारखी दिसते. बघणाऱ्याला वाटते, मेल्या. पण पेराशी नखाने किंचित खरवडले की आत हिरवा धागा दिसतो. मी खरवडून पाहिले होते. हिरवा होता. काड्या झोपल्या होत्या आणि वसंतापर्यंत त्यांना तसेच झोपू देणे एवढेच काम होते. हे सगळे मला माहीत होते, इतके चांगले माहीत होते, की दुसऱ्या कुणाला ते माहीत नसेल हे मनातच आले नाही. ताप उतरल्यावर आबा भिंतीला धरून न्हाणीत आले, तेव्हा मी फळीवरची गळलेली पाने गोळा करत होते. त्यांनी पानांचा ढीग पाहिला. माझ्याकडे पाहिले. मी नेहमीप्रमाणे काही बोलले नाही, पाने सुपात भरली आणि बाहेर गेले.

दुसऱ्याच दिवशी आईला बरे नसल्याचा निरोप आला म्हणून मी न्हावऱ्यामार्गे जाणाऱ्या बसने दौंडला गेले आणि चांगले दोन आठवडे अडकले. परतले तेव्हा अंगातला स्वेटरही न काढता न्हाणीत शिरले. प्लॅस्टिकच्या आतून दव धरले होते, आणि काही काड्यांच्या टोकांवर पोपटी कोंब आले होते. इतक्या थंडीत, इतक्या लवकर. मी तिथेच ओल्या फरशीवर बसले. ताईला हाक मारली, आणि ताई सांगते त्याप्रमाणे, ती हाक शेजारच्या घरात ऐकू गेली. या घरात आल्यापासून माझा आवाज शेजारी पोचल्याची ती पहिलीच वेळ असावी. त्या संध्याकाळी ताईने गूळ घालून लापशी केली. दाजींनी जाहीर केले, की आजपासून काड्यांनाही मानाने मेव्हणीबाई म्हणायचे. आबा मात्र बरे नाही म्हणून लवकर झोपले.

मी तेव्हा शिकलेल्या डोळ्यांनी एकदा नीट पाहायला हवे होते. गळलेल्या काडीला भर पौषात अशी पालवी येत नाही. पानाच्या पाठीवरून एक अंगठा फिरवला असता तर पुढचे सगळे टळले असते. पण आनंद इतका मोठा होता, की तो तपासून पाहावा असे वाटले नाही. आणि आणखी एक गोष्ट मी पाहिली आणि सोडून दिली. आबांनी बंब पेटवणे सोडले होते. "डोळ्याला धूर सोसत न्हाई," ते म्हणाले. तेव्हापासून ताई किंवा दाजी कसाबसा पेटवत, न्हाणी धुराने भरे, आणि आबा ओसरीवर भिंतीकडे तोंड करून बसून राहत. बंबाचा सुंईं आवाज आला की ते उठून अंगणात जात. मला वाटले, वय झाले. इतके सोपे उत्तर मिळाल्यावर मी प्रश्न मिटवला.

फाल्गुनात त्यातली दोन रोपे चांगली धरली. बाकीच्या काड्या कुजल्या, तसे होतेच. मी ती कुंडीत घालून दौंडला खालांकडे नेली. लेकीच्या घरापुढे लहानसे अंगण होते, रुळांवरून जाणाऱ्या मालगाडीने कपबशा थरथरत. खालांनी कुंडी मांडीवर घेतली, पाने चाचपली, एकेक पान उलटून पाहिले. मग माझ्या चेहऱ्याकडे पाहिले. मी हसत होते, असे लेकीने नंतर सांगितले. "छान लावलीस, बेटा," खाला म्हणाल्या. "पाणी मी रोज घालीन." त्यांनी मला नानकटाई खायला घातली आणि निघताना डोक्यावरून हात फिरवला. परतीच्या बसमध्ये मी खिडकीला टेकून, कुणीतरी माझ्यावर सोपवलेले काम मला जमले, या एकाच विचारावर शिरूरपर्यंत आले.

चैत्रात एका रविवारी ताईला अळूवड्या करायच्या होत्या. ती विळा घेऊन परसात गेली आणि तिथूनच ओरडली, "अळवात ह्या काड्या कुणी रोवल्या?"

मी गेले. अळूच्या गड्ड्यांच्या मधोमध, न्हाणीचे पाणी जिथून झिरपे तिथे, काटक्यांचा एक जुडगा खोचलेला होता. त्यातल्या तीन-चारांना टोकाशी कोवळी पाने फुटली होती. खाली वाकून मी एक पान उलटले. शिरांवर तांबडी लव होती, मांजराच्या कानासारखी.

आबा मागे येऊन उभे होते. चपला घालून बाहेर निघाले होते, एक पायात, एक हातात. "फुटल्या?" त्यांनी विचारले.

"आबा, तुम्हाला ठाऊक हाय कशाच्यात?" ताईने विचारले.

ते उकिडवे बसले, हातातली चप्पल मातीत ठेवली आणि बोटाच्या टोकाने कोंबाला शिवून हात मागे घेतला. "मी म्हणलं मेल्या," ते म्हणाले. मग माझ्याकडे न पाहता, थांबत थांबत सांगू लागले. इतके सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकले नव्हते. "तवा मी पडून हुतो. बंब थंड. उठून बघतो तर पानांचा ढीग. एंजिन वाटंत मेलं तर पयलं फायरमनला इचारत्यात, पोरी. तू इचारलंबी न्हाईस. एक शब्द बोलली न्हाईस. मला वाटलं, लई राग आलाय, म्हणून गप हाय. दुसऱ्या दिवशी गेलीस निघून. मी म्हणलं, रागानंच गेली."

"मग?" ताईने विचारले.

"मग सरकारी बंगल्याच्या कुंपणाला तसलंच झाड दिसलं. पान तसंच. वॉचमनला मागून तेवढ्याच फांद्या आणल्या, हिच्यावानीच पानं कापली, लावल्या. आन् ह्या उपटल्या. जळणात घालायच्या म्हणून बंबापाशी नेल्या, पर हात झाला न्हाई. त्या बाईचं झाड. म्हणलं, इथं मोरीच्या पाण्यावर तरी ऱ्हावू द्या. माती होईल." ते थांबले. "बंबाकडं बघवंना मला. ज्यानं मारलं त्यानंच पेटवायचं व्हय?"

हिवाळाभर सगळ्यांच्या आंघोळीचे कोमट पाणी त्या काड्यांच्या पायाशी जात राहिले होते. अळूच्या रुंद पानांनी वरून झाकले होते. त्यांना जे हवे होते ते सगळे तिथे होते. आणि मी हातात अंगठ्याएवढे पान धरून उभी होते, आणि माझ्याकडे एक वाक्य होते जे पौषात सांगायचे राहून गेले होते. पाने गळली तरी काडी जिवंत असते. एवढेच. शास्त्राच्या मोठ्या पदवीतून मला जे मिळाले होते त्यातले हे सर्वांत लहान वाक्य. ते मी न्हाणीच्या दारात उच्चारले असते तर एका म्हाताऱ्या माणसाने तीन महिने भिंतीकडे तोंड करून काढले नसते. मी ते आता उच्चारले. आबांनी ऐकून घेतले. "आता सांगतीस?" ते म्हणाले, आणि त्यात राग असता तर बरे झाले असते.

मुळे पुरती धरल्यावर आम्ही दोघे दौंडला निघालो. कुंडी आबांच्या मांडीवर. कंडक्टर म्हणाला, "आबा, झाडाचं हाफ तिकीट लागंल." आबांनी गंभीरपणे खिशात हात घातला; मग कंडक्टरच ओशाळला. खालांच्या अंगणात फाल्गुनातली रोपे हिरवीगार उभी होती, आणि त्यातल्या एकाला पहिले दल आले होते. दुधासारखे पांढरे. आळे सकाळच्या पाण्याने अजून ओले होते.

आबांनी कुंडी खालांपुढे ठेवली. "बाई, चूक माझी हाय," ते म्हणाले आणि सगळे सांगितले. मी मध्येच म्हणाले, चूक त्यांची नाही. खालांनी हाताने मला थांबवले. नव्या रोपाचे पान उलटून त्यांनी अंगठा फिरवला आणि पदर डोळ्यांना लावला.

"मला त्याच दिवशी कळलं हुतं," त्या मला म्हणाल्या. "त्याला लव कुठं हुती?"

"मग बोलला का नाहीत?"

"तू हसत हुतीस. तुला हसताना मी बघितलंच नव्हतं कवा. म्हणलं, गेलं तर गेलं झाड. हिचं हसू कशाला घालवू?" त्यांनी पांढऱ्या मुसांड्याकडे पाहिले. "आन् ह्याचा काय गुन्हा? घरी आलेल्याला पाणी घालायला नको?"

म्हणजे खालाही फाल्गुनापासून आपले झाड मेले असेच समजून होत्या, आणि रोज सकाळी दुसऱ्याच झाडाला पाणी घालत होत्या, माझ्या समाधानासाठी. मी खाली पाहत राहिले.

मग खाला आबांकडे वळल्या. "काय म्हणालात, हिला न सांगता उपटल्या आन् गुपचूप अळवात लावल्या?"

"व्हय."

"म्हंजी चोरल्या की." त्या हसू लागल्या, पदर अजून ओलाच. "तरीच जगल्या. हिनं हात जोडून मागितल्या हुत्या. मी तवाच म्हणलं हुतं, गपचूप घे."

आबाही हसले, पौषानंतर पहिल्यांदाच. मला मात्र हसता आले नाही, आणि खरे सांगायचे तर अजूनही ती गोष्ट सांगताना लोक हसतात तिथे मी थांबते. आज माझी स्वतःची रोपवाटिका आहे. उबेसाठी काचेसारखा पारदर्शक कागद आहे, तुषार आहेत, हाताखाली माणसे आहेत, आणि जर्दाळू रंगाचा तो मुसांडा या भागात अनेकांच्या दारात लागला आहे. थंडी सुरू झाली की मी सगळ्यांना गोळा करून एकच गोष्ट मोठ्याने सांगते. नवीन आलेल्यांना वाटते, बाई एवढ्या साध्या गोष्टीचे केवढे करतात. पण माझ्या गप्प राहण्याची किंमत मी कधी दिली नाही. ती इतरांनी दिली, तीही मला कळू न देता, आणि वर मलाच जपून.

पुढच्या हिवाळ्यात बंबामागे पुन्हा फळी लागली. आबा पुन्हा पहाटे उठू लागले. पौषात पाने गळली, न्हाणीत त्यांचा सडा पडला, आणि मी पाने गोळा करायला गेले तेव्हा ते आगपेटी हातात धरून बंबापुढे बसले होते. तुराट्या रचलेल्या होत्या. ते पेटवत नव्हते.

"म्हण," ते म्हणाले.

"झोपल्यात, आबा," मी म्हणाले. "मेल्या न्हाईत."

"ऐकू आलं न्हाई."

त्यांचे कान चांगले तिखट होते; आतल्या खोलीत दाजींनी कूस बदलली तरी त्यांना कळे. मी पुन्हा म्हणाले, जरा मोठ्याने. मग त्यांनी बंब पेटवला.

थंडी संपेपर्यंत रोज सकाळी असेच चालले. मी दोनदा म्हटल्याशिवाय त्या घरात कुणाला आंघोळीला पाणी मिळाले नाही.